कुडी आणि बुगडी यांच्यामध्यें

भीति वाटली कीं आपल्या पोटांत गोळा येतो, वाईट बातमी ऐकली कीं पोटांत धस्स होतें, आणि ज्याच्यावर जीव असतो त्याच्या दुःखानें पोटांत कालवतें. मनाचे सारे व्यवहार आपल्या भाषेनें पोटाच्या खात्यावर मांडून ठेवले आहेत. मनांतली गोष्ट पोटापर्यंत पोंचते कोणत्या वाटेनें, या चौकशींत मात्र ती पडली नाहीं. ती चौकशी शास्त्रज्ञांनीं केली, आणि त्यांच्यापैकीं वॉल्टर कॅनन याची हकीकत मला विशेष आवडते. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्यें लागला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस हार्वर्डमधील या विद्यार्थ्यानें प्राण्यांना बिस्मथ मिसळलेलें अन्न चारून त्या किरणांच्या उजेडांत त्यांची पचनेंद्रियें पाहण्यास आरंभ केला. १८९८ मध्यें त्यानें मांजरांच्या जठराविषयींचीं आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. जठरावरून एकामागून एक लाटा जात असत. पण मांजर चिडलें किंवा घाबरलें कीं त्या थांबत, आणि त्याला गोंजारून शांत केलें कीं पुन्हां सुरू होत. जेवतांना भांडूं नये, हें सांगण्यासाठीं आमच्या आजीला बिस्मथाची गरज कधीं भासली नव्हती. पण पुरावा तो पुरावा!

जठराला लगाम घालणारे मज्जातंतु वेगळे आणि त्याला चालतें ठेवणारा मुख्य तंतु वेगळा. या दुसऱ्याचें नांव व्हेगस. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ ‘भटक्या’ असा आहे, आणि तें नांव त्याला शोभतें. कवटींतून निघून तो मानेंतून उतरतो, वाटेंत घसा, हृदय आणि फुप्फुसें यांची विचारपूस करतो, आणि जठर व आंतडीं येथवर जातो. त्यांतले बहुतेक धागे मेंदूचा हुकूम खालीं नेणारे नसून पोटाची खबर वर नेणारे आहेत. हुकूम थोडे आणि अर्ज फार, असा हा कचेरीसारखा कारभार आहे.

हा तंतु तोडला तर काय होतें, तेंहि माणसानें पाहिलें आहे. शिकागोचे शस्त्रवैद्य लेस्टर ड्रॅगस्टेट यांनीं १९४३ मध्यें लहान आंतड्याच्या तोंडाशीं होणाऱ्या व्रणावर उपाय म्हणून तो तोडण्यास प्रारंभ केला. आम्ल कमी झालें आणि व्रण भरले. पण पुष्कळ रोग्यांचें जठर सुस्त पडलें व अन्न तेथेंच साठून राहूं लागलें. मग त्या शस्त्रक्रियेबरोबर जठराचें खालचें दारहि रुंद करून देण्याचा प्रघात पडला.

जें सुरीनें एका दिवसांत होतें, तेंच जुनाट मधुमेहानें हळूहळू होऊं शकतें. माझ्या थोरल्या बहिणीचा मधुमेह २५ वर्षांचा आहे. गेलीं दोन वर्षें चार घांस खाल्ले कीं तिचें पोट भरतें, आणि सकाळचें अन्न कित्येकदां संध्याकाळीं उलटून पडतें. डॉक्टर याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. जिच्या हातच्या पुरणपोळ्यांसाठीं आम्हीं भावंडांनीं ताटावरून भांडावें, तिनें अर्ध्या वाटी भाताकडे धास्तीनें पाहावें, हें मला पाहवत नाहीं. तिच्या परदेशांतल्या मुलानें एक लहानसें यंत्र पाठविलें. त्याची बोंडी कानांत बसवावयाची आणि कातडीवरून सौम्य विजेचा प्रवाह सोडावयाचा. कापणें नाहीं, टोचणें नाहीं. “अरे, तूं एवढें इंग्रजी वाचतोस,” आक्का म्हणाली, “यानें माझें पोट हालेल का, तेवढें वाचून सांग.” ज्यानें जन्मभर शेक्सपिअर शिकविला, त्याच्यावर हा विश्वास जरा अधिकच होता, पण मी वाचावयास बसलों.

व्हेगसची एक लहान फांदी बाहेरच्या कानांत येते. कानांत काडी घातली कीं कांहीं जणांना खोकला येतो, तो तिच्यामुळें. २००२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत मृतदेहांच्या कानांतील तंतूंचा माग काढला होता. कानाच्या भोंकाच्या वर जो खोलगट भाग असतो, त्यांत केवळ व्हेगसचीच फांदी आढळली. आमच्या घरच्या बायकांच्या भाषेंत सांगावयाचें तर कुडी आणि बुगडी यांच्यामधली ही जागा. मीं हें सांगतांच आमचे एक शेजारी हर्षानें म्हणाले, “पाहा! आपल्या पूर्वजांनीं कर्णवेध उगाच का सांगितला?” त्यांचा उत्साह मोडणें माझ्या जिवावर आलें. पण असल्या प्रयोगांत तुलनेसाठीं कांहीं लोकांना लुटुपुटीचा उपचार द्यावा लागतो, म्हणजे जेथें परिणाम होण्याची अपेक्षा नाहीं अशा जागीं वीज लावावी लागते. आणि ती जागा बहुधा कानाची पाळीच असते! सोनार आपल्याला जेथें टोचतो, तीच जागा शास्त्रज्ञांनीं निरुपद्रवी म्हणून निवडली आहे. शेजाऱ्यांनीं मग भिकबाळीकडे मोर्चा वळविला. परंतु ती वरच्या कडेला असते, त्या खोलगट भागांत नव्हे.

पोटाविषयीं वाचलें तें अधिक घोटाळ्याचें होतें. २०१६ मध्यें डेन्मार्कमधील संशोधकांना असें दिसलें कीं, कानांतल्या प्रवाहानें निरोगी माणसांच्या जठराची हालचाल वाढते. पण त्याच वेळीं त्या माणसांना दीर्घ व संथ श्वास घ्यावयास लावलें होतें. तेव्हां श्रेय विजेचें किती आणि श्वासाचें किती? उलट २०२० मध्यें जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें निराळेंच दिसलें. निरोगी जठरांत मिनिटाला सुमारें ३ मंद विद्युत्-लाटा उठतात. कानांत प्रवाह सोडल्यावर हा ताल किंचित् मंदावला. ताल आणि जोर या दोन गोष्टी एक नव्हेत, हें खरें; सावकाश चालणारा बैलहि गाडा ओढतोच. त्याच वर्षीं अमेरिकेंत मानेवर धरावयाच्या दुसऱ्या एका यंत्राचा प्रयोग गॅस्ट्रोपॅरेसिसच्या थोड्या रोग्यांवर चार आठवडे झाला. कांहींना आराम वाटला, आणि अन्न जठरांतून थोडें लवकर पुढें सरकलें. पण त्यांच्या विकाराचें कारण सांपडलेलें नव्हतें, आणि आक्काचें कारण तर मधुमेह. शिवाय तुलनेसाठीं लुटुपुटीचा उपचार घेणारे रोगी त्या प्रयोगांत नव्हतेच. पोटाला नुसत्या आशेनेंहि बरें वाटतें, हें मांजरापासून माणसापर्यंत सर्वांना लागू आहे. एवढ्यावर यंत्राचे गोडवे गाणें मला योग्य वाटलें नाहीं, आणि तें टाकाऊ म्हणण्याइतकाहि आधार नव्हता.

तिला मीं हें सारें जसेंच्या तसें सांगितलें. तिनें शांतपणें ऐकलें आणि विचारलें, “म्हणजे कुणालाच ठाऊक नाहीं, असेंच ना?” मीं होय म्हटलें. व्हेगस हृदयाकडेहि जातो, म्हणून आधीं डॉक्टरांकडे जावें, एवढाच आग्रह मीं धरला. त्यांनीं हृदयाचा आलेख काढला, औषधें आणि थोडें थोडें खाण्याचा नियम मोडूं नका असें बजावलें, आणि महिनाभर करून पाहण्यास हरकत घेतली नाहीं. मात्र रोज लिहून ठेवा, म्हणाले. आक्कानें बुगडी काढली नाहीं; डाव्या कानांत बोंडी बरोबर मधें बसते. वही माझ्याकडूनच आणविली. पहिल्या आठवड्यांत तिनें लिहिलें आहे: ‘सोमवार. अर्धी वाटी मऊ भात. उलटी नाहीं. मंगळवार. तेवढाच भात. रात्रीं उलटी. बुधवार. भात आणि चमचाभर वरण. उलटी नाहीं. कानाला मुंग्या येतात.’