किट तपासली, तरी बाटली राहिली

जयपूरला बदली झाली तेव्हा फॅमिली क्वार्टर मिळायला वेळ होता, म्हणून राजा पार्कात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. फाळणीनंतर पंजाब-सिंधकडून आलेल्या लोकांनी वसवलेली ही वस्ती. याच घरातून लेक जर्मनीला शिकायला गेली.

तिला केराटोकोनस आहे. म्हणजे डोळ्याची पुढची काच, कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखी पुढे येते. चष्म्याने तिला धड दिसत नाही, कडक लेन्सच लागतात. तिची बॅग मीच भरली. बावीस वर्षं पोरांचं किट तपासलेला माणूस, त्यामुळे मंडळींना हातही लावू दिला नाही. लेन्सच्या द्रावणाची 120 मिलीची बाटली हातातल्या बॅगेत ठेवली. अर्धी रिकामी होती. जयपूर-पुणे विमानात ती कधी कुणी अडवली नव्हती.

परदेशी विमानाला मात्र अडवली. 2006 च्या ऑगस्टमध्ये लंडनला द्रव स्फोटकांनी विमानं उडवायचा कट उघड झाला, तेव्हापासून 100 मिलीचा नियम आला. आत किती द्रव उरलाय ते बघत नाहीत, बाटली केवढी ते बघतात. मोठी बाटली खालच्या सामानात गेलेली, ती थेट जर्मनीलाच निघायची.

विमानातली हवा आपल्या जयपूरच्या मे महिन्यासारखी कोरडी. डोळे चुरचुरायला लागले, तिने लेन्स काढल्या. आता धुवून परत घालायच्या कशाने? नळाच्या पाण्याने धुवायच्या नाहीत. त्यात अकँथअमिबा नावाचा जीव असू शकतो, तो कॉर्नियात शिरला तर नजर जायची वेळ येते. हे तिला पाठ होतं म्हणून निभावलं.

रात्री तीनला अबुधाबीहून फोन. "बाबा, बोर्डाचा फोटो काढला, मोठा करून गेट वाचलं. झोपा तुम्ही."

कसला झोपतोय!

यंदा सुट्टी संपवून ती परत निघाली तेव्हा आधी गल्लीतल्या चष्मेवाल्याकडे गेलो. त्याच्याकडून 60 मिलीच्या दोन छोट्या बाटल्या घेतल्या. मोठीतलं द्रावण रिकाम्या बाटलीत ओतू नका, ते निर्जंतुक राहत नाही, हे त्यानेच बजावलं. बाटल्या, ओली डबी आणि डोळ्यात घालायचे थेंब एका पारदर्शक पिशवीत, पिशवी एक लिटरच्या आतली, आणि ती बॅगेत सगळ्यात वर. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. अमेरिकेत औषधी गरज म्हणून जादा द्रव वेगळा दाखवून नेता येतो म्हणतात, पण तिथेही शेवटचा शब्द तपासणाऱ्याचाच. आपण कशाला वाद घाला? चढायच्या आधीच लेन्स काढून ठेव, उतरल्यावर घाल, आणि तोवर आईला गेट नंबर विचारायला लाव कुणाला तरी, असं सांगितलं. शेवटचं तिला आवडलं नाही.

सांगानेर विमानतळाच्या दारापाशी थांबलो. यावेळी बॅग तिने स्वतः भरली होती. मी फक्त मागून दोनदा तपासली.

वीस मिनिटांनी मेसेज आला: "बाटल्या पास. तुमचा शेव्हिंग फोमचा डबा माझ्या बॅगेत कसा आला? तो गेला."