बढतीच्या निमित्ताने मृणालला

चि. मृणाल हिस,


पद घेऊ की नको, एवढंच तू विचारलंस. घे. ताईला पेढे वाटू देत. पण फोन ठेवता ठेवता जे बोललीस ना, "सुटले बाई, आता कोडला हात लावायचा नाही", ते मला झोंबलं. मामी दोनदा विचारून गेली, चेहरा असा का म्हणून.

अगं, सातोरू इवातांचं पुस्तक मला आणून दिलं कोणी? तूच ना? स्वतः उघडलंस तरी का? हा प्रोग्रॅमर माणूस 2000 साली निन्टेंडो या गेम कंपनीत आला तो नियोजन विभागाचा प्रमुख म्हणून. त्याला आता बैठका आणि कागद एवढंच पुरे होतं. पुढच्याच वर्षी 'स्मॅश ब्रदर्स मेली' हा गेम वेळेत पुरा होईना, तेव्हा साहेब क्योटो सोडून यामानाशीला गेले आणि आपल्या जुन्या कंपनीतल्या, हॅल लॅबोरेटरीतल्या, पोरांच्या बरोबरीने तीन आठवडे बग काढत बसले. 2002 मध्ये निन्टेंडोचे अध्यक्ष झाले, तेही मालक यामाउची घराण्याबाहेरचे पहिले.

माझं म्हणणं तुला पाठ आहे. ज्याचे हात लेथवर काळे झाले नाहीत, त्याने केबिनमध्ये बसू नये. आमच्या कारखान्यात एक साहेब आले होते. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स वाचता येईना, आणि रिजेक्शन वाढलं की मेमो मात्र ऑपरेटरला! हा नियम मी हॉस्पिटल, महापालिका, नाटक कंपनी, सगळीकडे लावीन. लग्नाच्या केटररलासुद्धा. स्वतः पोळी लाटता न येणारा माणूस पाचशे पानांचा हिशोब कसा सांगतो, हे मला आजवर कळलेलं नाही. असो.

तू म्हणशील, हिरोशी यामाउची गेम खेळत नसत, तरी 1949 पासून 2002 पर्यंत कंपनी त्यांनीच चालवली. खरं आहे. पण हॅल 1993 मध्ये बुडायला आली, दीडशे कोटी येनचं कर्ज डोक्यावर, तेव्हा अध्यक्ष इवाताच हवा असा आग्रह कोणी धरला? त्याच यामाउचींनी! आणि तेहेतीस-चौतीस वर्षांच्या या प्रोग्रॅमरने खुर्चीत बसून केलं काय, तर ऐंशी-नव्वद माणसांपैकी एकेकाला समोर बसवून ऐकून घेतलं. वर्षातून दोनदा. सहाएक वर्षांत कर्ज फिटलं.

पुढे निन्टेंडोत त्याचा प्रत्येक डाव बसला असं मात्र नाही. गेम खेळायची 'वी' ही मशीन दहा कोटींवर खपली, आणि पाठची 'वी यू' दीड कोटीलाही पोचली नाही. 2011 मध्ये हातात धरून खेळायची थ्रीडीएस चालेना, तर सहा महिन्यांच्या आत पंचवीस हजार येनवरून पंधरा हजारांवर आणावी लागली. तेव्हा स्वतःचा पगार त्याने निम्मा केला, 2014 मध्ये पुन्हा पाच महिने निम्मा. माणसं कमी करा म्हणणाऱ्या भागधारकांना त्याने सांगितलं, की नोकरी जाईल या भीतीत असलेला माणूस लोकांना भुरळ घालणारा गेम बनवू शकत नाही. ताळेबंद कितीही वाचला तरी हे दिसत नाही गं. रात्री दोन वाजता बग सापडत नसताना पोटात काय होतं, ते ठाऊक असावं लागतं. तुला ते ठाऊक आहे. म्हणून तर तुझ्या त्या "सुटले"चा राग आला. उद्या माणसं कमी करायची एखादी यादी सहीला तुझ्यापुढे येईल, तेव्हा काय करशील?

भाऊजींच्या अबोल्याचं मनावर घेऊ नकोस. इवातांचे वडील मुरोरानचे महापौर. मुलगा हॅलसारख्या कंपनीत शिरला म्हणून सहा महिने त्याच्याशी बोलले नाहीत. भाऊजी निदान "जेवलीस का" विचारतात.

आणि जेवतेस का? इवातांच्या पित्तनलिकेत गाठ निघाली, नेहमीच्या तपासणीत. शस्त्रक्रिया झाली, पुन्हा कामावर आला, आणि 11 जुलै 2015 ला गेला. पंचावन्नाव्या वर्षी. तू अँटासिडच्या गोळ्या चण्यांसारख्या खातेस, हे मामीला कळलंय. माझ्याकडून नाही. सोनोग्राफी करून घे, गणपतीच्या आधी. रिपोर्ट मामीच्या फोनवर पाठव, ताईच्या नको. ती रडत बसेल आणि मला पुण्याहून यावं लागेल.

तुझा,
अण्णामामा

ता. क. नव्या केबिनमध्ये जुना कॉम्प्युटर ने. मागून घे, लाजू नकोस.