वर्गापुढे वाचलेली नावं

आम्ही भोंग्यावर वाढलेली मुलं. वडील टेल्कोत, बजाजमध्ये, नाहीतर 'एचए'त म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये. 1954 साली हा पेनिसिलिनचा कारखाना पिंपरीत आला, 1962 नंतर एमआयडीसी पसरली, 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि निगडी-आकुर्डीकडे प्लॉट पडू लागले. साताऱ्याकडून, नगरकडून, मराठवाड्यातून आलेली आमची घरं दोन खोल्यांत मांडली गेली. मधली भिंत एवढी पातळ की शेजारच्या काकूंना आमच्याकडचं भांडण ऐकू जायचं आणि आम्हाला त्यांच्याकडचं. कोणाचा बोनस किती झाला, कोणाची बदली नाइट शिफ्टला झाली, कोणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार, हे सगळं नळावर कळायचं. त्या माहितीत माया होती. काकांचा हात मशीनमध्ये सापडला तेव्हा त्यांच्या घरी महिनाभर चूल पेटवायची वेळ आली नाही, ती याच पातळ भिंतींमुळे. म्हणून त्या दिवसांबद्दल आमच्या मनात आजही फार ओढ आहे.

पण शाळेत आमच्याबद्दल जे उघड व्हायचं त्यात ही माया नव्हती.

महिन्याच्या सुरुवातीला हजेरी झाली की फी न भरलेल्यांची नावं मोठ्याने वाचली जायची आणि ज्याचं नाव येईल त्याने उभं राहायचं. आमच्यातला एकजण दर महिन्याला उभा राहायचा. बाकाच्या कडेला त्याचा अंगठा घट्ट रोवलेला असायचा आणि नजर कंपासपेटीच्या झाकणावर, तिथे छापलेल्या पाढ्यांवर. पंचाहत्तर जण त्याच्याकडे बघत असायचे. मग एखाद्या दिवशी शिपाईमामा कागद घेऊन यायचे आणि सर म्हणायचे, "शिष्यवृत्तीची मुलं, हात वर करा." तोवर शेजारी कोण बसतो हे माहीत होतं, त्याची जात माहीत नव्हती. मधल्या सुट्टीपर्यंत ती सगळ्यांना कळलेली असायची, आणि त्या दिवशी डब्यांची वर्तुळं थोडी बदललेली असायची. ईबीसीच्या फी-सवलतीच्या फॉर्मला वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला लागायचा, तोही टेबलावर उघडाच पडलेला असायचा. सर वाईट नव्हते. मुलाला स्वतःचं असं काही खासगी असतं, हा विचारच तेव्हा कोणाच्या मनात येत नसे.

1989 चं वर्ष मात्र आमच्यातल्या टेल्कोच्या मुलांना अजून टोचतं. राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली संप चालू होता, कामगार दोन संघटनांत विभागले गेले होते, आणि सप्टेंबरात शनिवारवाड्यावर उपोषणाला बसलेल्यांना पोलिसांनी रात्री उचललं. त्याच आठवड्यांत कधीतरी वर्गात एका मुलाला विचारलं गेलं, "तुझे वडील आत जातात की बाहेर?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काळजीच असेल. मुलाने खरं ते सांगितलं. वडील आत, म्हणजे कामावर, जात होते. संध्याकाळपर्यंत ते उत्तर चाळीस घरांत पोचलं, आणि ज्या दारातून आम्ही न विचारता आत-बाहेर करायचो ते दार त्या घरापुरतं लोटलं गेलं. त्यानंतर आम्ही सगळीच मुलं एक उत्तर शिकलो: "माहीत नाही, सर." शाळेत घरातलं बोलायचं नाही, हे आम्हाला कोणी बजावलं नव्हतं. ते आम्ही तिथेच शिकलो.

आणि तरीही आमच्यातल्या एकाने घरातलं सगळं शाळेतच सांगितलं. लिहून. आठवीत 'माझे वडील' हा निबंध होता. बाकीच्यांनी कष्टाळू, प्रेमळ, शिस्तप्रिय असे वडील लिहिले. त्याने पगाराच्या दिवशीचे वडील लिहिले. पाकीट रिकामं कसं येतं, आई कोणत्या डब्यात पैसे लपवते, लहान बहिणीला घेऊन तो जिन्यात कुठे बसतो. आमच्या मराठीच्या बाई चांगले निबंध वर्गात वाचून दाखवायच्या. त्या दिवशी वह्यांचा गठ्ठा परत आला, त्यात त्याची वही नव्हती. बाईंनी ती आपल्या पर्समध्ये घातली होती. हस्ताक्षर सुधारायचं म्हणून त्याला शनिवारी शाळा सुटल्यावर थांबायला सांगितलं, पुढे त्याच निमित्ताने त्याच्या आईला बोलावलं. काही महिन्यांनी त्याचे वडील "गावाला गेले". आम्हाला ते गाव खरंच वाटलं. ते गाव होतं येरवड्यातलं मुक्तांगण, अनिल आणि सुनंदा अवचट यांनी 1986 साली सुरू केलेलं व्यसनमुक्ती केंद्र. हे आम्हाला त्याने स्वतः सांगितलं, तेव्हा आम्ही सगळे स्वतः आईबाप झालो होतो. बाईंनी ना स्टाफरूममध्ये सांगितलं, ना मुख्याध्यापकांना, ना आमच्या आयांना, ज्या बाईंबरोबर रोज एकाच बसने यायच्या. समुपदेशन हा शब्द तेव्हा आमच्याकडे कोणी वापरत नव्हतं. बाईंनी त्याचं प्रशिक्षणही घेतलेलं नव्हतं. तरी ऐकून घेणाऱ्या माणसाला पहिलं काय यायला हवं, ते त्यांना येत होतं.

दहावीनंतर काहीजणांना आईवडिलांनी पुण्याला कलचाचणीला नेलं. अहवाल बंद पाकिटात यायचा आणि जिना चढेपर्यंत फुटायचा. "इंजिनिअरिंगला नाही म्हणे चालणार" हे वाक्य आमच्यातल्या एकीला वर्षानुवर्षं ऐकावं लागलं. ती आज चाकणला एका कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळते.

आता आमची, आणि आमच्या हाताखाली काम करणाऱ्यांची मुलं शाळेत आहेत. चाकण, म्हाळुंगे, भोसरी इथल्या चाळींत बीड, यवतमाळपासून बिहारपर्यंतची कुटुंबं एकेका खोलीत राहतात. आईवडील दोघं कंत्राटावर, पाळ्या उलटसुलट. त्या खोलीत मुलीला फोनवर हळू बोलायलाही कोपरा नाही. तिच्यासाठी शाळेतली समुपदेशक ताई ही एकच जागा. आणि ही ताई बसते कुठे? वाचनालयाच्या टोकाला, नाहीतर कॉम्प्युटर लॅबमध्ये पडदा लावून. आम्ही शाळांमध्ये हे पाहिलं आहे. दार नसलेल्या जागेत गुपित राहत नाही, हे आमच्याइतकं कोणाला माहीत असणार! वर्गापुढे नावं वाचणं बंद झालं, पण चाचणीचे गुण सगळ्यांच्या नावांसह व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात, कधी राहिलेली फीसुद्धा. पंचाहत्तर जणांच्या जागी आता दीडशे पालक बघतात, आणि ते पुसलं जात नाही.

कायदा या काळात बराच पुढे गेला. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याच्या 23 व्या कलमाने उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला. शाळेतली ताई त्या कलमात नेमकी बसते का, यावर वकील वाद घालतील. पण दुसरा एक कायदा तिला निश्चित लागू आहे. 2012 चा पॉक्सो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. म्हणजे "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन कोणतीही ताई प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. जिवाला धोका असेल तेव्हाही नाही. चांगली ताई हे पहिल्याच भेटीत सांगते: तू बोललेलं माझ्याजवळ राहील, फक्त तुझा किंवा कोणाचा जीव धोक्यात असेल, कोणी तुला हात लावत असेल, तर मला दुसऱ्याची मदत घ्यावी लागेल, आणि ती घेण्याआधी मी तुला सांगेन. मूल मग स्वतः ठरवतं, किती उघडायचं. त्याला न सांगता त्याचं गुपित फोडलं तर ते पुन्हा "माहीत नाही, सर" वर जातं आणि तिथून परत येत नाही.

अवघड जातं ते आम्हा पालकांना. आमच्यातला एकजण परवा तावातावाने म्हणाला, "फी मी भरतो, मुलगी माझी, मग तिने ताईला काय सांगितलं ते मला कळायला नको?" त्याचं दुखणं खरं आहे. कायद्याच्या लेखी अठरा वर्षांखालच्या मुलाचा निर्णय बहुतेक ठिकाणी पालकच घेतात, 'अपार' या विद्यार्थी ओळख क्रमांकाच्या संमतीपत्रावर सहीही आमचीच लागते. पण निबंधात ज्याने वडील लिहिले तो तिथेच बसला होता. तो एवढंच म्हणाला, "बाईंनी ती वही बाबांना दाखवली असती, तर त्या रात्री आम्ही जिन्यातसुद्धा बसू शकलो नसतो."

येत्या पालकसभेसाठी आम्ही तिघांनी मिळून एक पत्र लिहिलं आहे. ताईंच्या खोलीला दार हवं. गुण आणि फी ज्याची त्यालाच कळवावी. आणि एक गोष्ट विचारली आहे, जिचं उत्तर शाळेने लेखी द्यावं: ताईंच्या नोंदींच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, आणि मूल दाखला घेऊन शाळा सोडतं तेव्हा त्या नोंदींचं काय होतं?