पोळ्यांचा डबा

विज्ञानाशी माझा जो काही संबंध आला तो छपरावरच. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि दोनएक वर्षांत गिरगावातल्या आमच्या चाळीत पहिला टीव्ही आला. टीव्ही पहिल्या मजल्यावरच्या नानांचा, पण अँटेना माझ्या ताब्यात. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा तो माशाचा सांगाडा मी कौलांवर उभा राहून फिरवायचो.

"आलं का?"

"मुंग्या आहेत!"

"आता?"

"आलं, आलं... गेलं!"

छायागीताच्या वेळी कावळा बसला की सगळी चाळ माझ्या नावाने हाका मारायची. एवढी किंमत पुढे तीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी दिली नाही.

म्हणून आमची धाकटी बंगळूरला अँटेना बनवू लागली तेव्हा "रक्तातच आहे" असं मी चारचौघांत सांगत असे. एका दिवाळीत ती आपली करामत घेऊन आली. काड्यापेटीएवढी डबी! डोंबिवलीतल्या आमच्या चौमजली सोसायटीला लिफ्ट नाही, आणि टाकीत पाणी किती हे पाहायला रोज सकाळी मी गच्चीवर जातो. माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या गुडघ्याला हे मान्य नाही. आता टाकीत एक यांत्रिक डोळा सोडायचा, त्याची वायर झाकणावरच्या डबीला, आणि डबी दर पंधरा मिनिटांनी घरातल्या यंत्राला बिनतारी कळवणार. तिथून निरोप थेट बंगळूरला.

"यात अँटेना कुठाय?"

तिने हिरव्या पट्टीच्या कोपऱ्यातली तांब्याची नागमोडी रेघ दाखवली. मला ती रांगोळी वाटली होती.

मला समजलं तसं सांगतो. ही डबी ८६६ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलते. त्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, आणि अँटेना तिच्या पाव, म्हणजे साडेआठ सेंटिमीटरचा तरी असावा. डबी मात्र पाचाची. म्हणून तार शेवेसारखी वळवायची. पण वळवली की ती रुसते. दिलेल्या विजेतली थोडी हवेत सोडते, बाकीची नुसती ऊब करते. शिवाय इतकी हळवी होते की जवळ स्क्रू आला, हात आला, की सूर ढळला. हॅरोल्ड व्हीलर यांनी १९४७ साली आणि लान चू यांनी १९४८ साली याचं गणित मांडून ठेवलंय: लहान आकार, रुंद पट्टा आणि चोख कार्यक्षमता ही तिन्ही एकदम मिळत नाहीत. हे पटायला मला गणित लागलं नाही. मोठी, स्वस्त आणि स्टेशनजवळची खोली मी १९७८ साली शोधून पाहिली आहे.

बॅटरी पाच वर्षं पुरणार होती. कारण डबी बहुतेक वेळ झोपते. खरी वीज जाते ती बोलण्यात. अँटेना चांगला तर हळू बोलूनही भागतं. पण पलीकडून 'पोचलं' असं उत्तर आलं नाही, तर ती पुन्हा बोलते, आणखी जोरात, आणखी सावकाश.

"म्हणजे मी ह्यांच्याशी बोलते तशी," आमची ही म्हणाली.

धाकटी परत गेली. चार दिवसांनी सवयीने वर गेलो, तर डबीला कावळा चोच मारत होता! कावळ्यांशी माझं जुनं वैर. स्वयंपाकघरातला स्टीलचा पोळ्यांचा डबा उचलला, वायरीपुरतं भोक पाडलं, डबी आत ठेवून झाकण घट्ट बसवलं. बोललो कोणाला नाही.

त्या दिवसापासून निरोप तुटक येऊ लागले. फटीतून एखादा निसटत असावा, आणि त्यानेच घोटाळा झाला. साफ बंद पडले असते तर कोणी वर जाऊन पाहिलं तरी असतं. धाकटीला वाटलं आपलाच अँटेना चुकला. रात्र रात्र जागून ती रेघेचं टोक अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने कापून पाहत होती. "बाबा, मला हे जमत नाही बहुतेक," एकदा फोनवर म्हणाली. "जमेल गं, रक्तात आहे," मी म्हणालो. पाच वर्षांची बॅटरी दिवाळीत बसवली, ती शिमग्याला बोंब मारून गेली.

इकडे ही, डबा वहिनींकडेच राहिलाय असं धरून, चार महिने वहिनींशी जेवढ्यास तेवढं बोलत होती.

होळीला धाकटी नवी पट्टी घेऊन आली. "तू बस, मीच लावतो," म्हणेपर्यंत ती जिना चढलीसुद्धा. तिच्यामागे मी, माझ्यामागे ही. वर डबा उन्हात चमकत होता.

"भोक पाडलंत?" आधी ही बोलली.

धाकटीने झाकण उघडलं आणि मटकन खाली बसली. "बाबा, स्टीलमधून लहर बाहेर पडत नाही. चार महिने बिचारी आत ओरडत होती."

खरं सांगायचं तर मला संशय आला होता. पण डबी नीट बोलू लागली असती तर माझं रोज वर जाणं संपलं असतं. हे मी तिला तिथंच सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रविवारी कावळे बघायला जात जा. रविवारीच."

जुनीच पट्टी, नवी बॅटरी, आणि वरून आइस्क्रीमचा प्लॅस्टिकचा डबा. ही खाली यंत्रापाशी गेली. मी कठड्याशी उभा राहून ओरडलो, "आलं का?"

"आलं!" तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आवाज आला. "आता खाली या दोघंही. आणि माझा डबा आणा!"