उणे चाळीस

आमच्या आजीचा थर्मामीटरवर कधीच विश्वास बसला नाही. पारा १०२ वर गेल्याचं दाखवलं, तरी ती आपला हात पोराच्या मानेखाली घालून पाही आणि मगच काढा उकळायचा की नाही, ते ठरवी. आम्ही हसत असू. आता ताप माणसाचा असो की मोटारीचा, हाताला काही कामच उरलेलं नाही. आकडा काचेवर उमटतो, आणि उमटला म्हणजे तो खराच असणार, असं आपण धरून चालतो.

गेल्या एप्रिलात सोलापूरला माझ्या मावसभावाच्या ट्रकनं असाच एक आकडा दाखवला. बाहेर ४२ अंशांचं ऊन. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. आणि ट्रकच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या पोटाशी असलेली युरियाची टाकी उणे ४० अंशांवर होती! (हे उणे ४० मोठं गमतीचं ठिकाण आहे बरं का. सेल्सिअस आणि फॅरनहाइट हे एरवी एकमेकांशी न जमणारे दोघे भाऊबंद तिथं एकाच आकड्यावर येऊन भेटतात.)

ट्रकला युरिया कशाला, असं वाचकांपैकी कुणी विचारील. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ चे नियम लागू झाले, तेव्हापासून बहुतेक मोठ्या डिझेल गाड्यांना दोन टाक्या आल्या. एकीत डिझेल, दुसरीत शुद्ध पाण्यात विरघळवलेला ३२.५ टक्के युरिया. शेताला टाकतात तो पोत्यातला नव्हे. तो घातला तर सगळी यंत्रणा बसलीच म्हणून समजा. हे पाणी तापलेल्या धुरात फवारलं जातं, त्याचा अमोनिया होतो, आणि धुरातल्या नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन आणि वाफ होऊन बाहेर पडते. मात्र हे द्रावण उणे ११ अंशांना गोठतं. म्हणून टाकीत तापमान पाहणारा एक सेन्सर बसवलेला असतो. द्रासला माल घेऊन गेलेल्या ट्रकला थंडीत त्याची गरज पडेल. सोलापूरच्या ट्रकला त्याचा काय उपयोग, हे सोलापूरकरांनीच सांगावं! पण नियम सर्वांना सारखा. सेन्सरची खबर बिघडली की दिवा लागतो, आणि गाडी धमकावते की दुरुस्ती केली नाहीत तर इंजिनाचा जोर कमी करीन.

दादानं गाडी एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथल्या मुलानं स्कॅनर लावला, त्यावर पी-२०५-डी असा कोड आला, आणि निकाल तयार झाला: सेन्सर गेला. तो सुटा मिळत नाही. पातळी मोजणारा भाग, गरम करणारी नळी, सगळ्यांचा मिळून एकच संच. किंमत पाच आकडी. ट्रकचे हप्ते अजून चालू होते. त्या रात्री दादा जेवला नाही, आणि वहिनींनी काही न बोलता पाटल्या रुमालात बांधून देवापुढं ठेवल्या.

मी मध्ये पडलो तो एवढ्यापुरताच, की अक्कलकोट रोडला एक म्हातारे मिस्त्री माझ्या ओळखीचे होते. त्यांनी कोड वाचला आणि मान हलवली. ‘‘मालक, हा कोड नुसतं सांगतो की व्होल्टेज जास्त आहे. सेन्सर मेला, असं कुठं म्हणतोय?’’

मग त्यांनी मला समजावलं, तेही बिडी विझवून. या सेन्सरचा रेझिस्टन्स गारव्यात वाढतो, उष्णतेत उतरतो. कंप्यूटर त्याला ५ व्होल्ट पाठवतो आणि किती उरले, त्यावरून तापमान ठरवतो. तार मध्येच तुटली तर रेझिस्टन्स अमर्याद. कंप्यूटर बिचारा समजतो, केवढी ही थंडी! उणे ४० हा त्याच्या पट्टीचा शेवटचा आकडा.

टाकीजवळचा कपलर त्यांनी सोडवला. आत पांढरी खपली होती. युरिया झिरपून सुकला की अशीच साखर धरते. त्यांच्या हाताखालच्या पोरानं ‘सापडलं!’ म्हणून टाळी वाजवली. कोमट पाण्यानं धुऊन, सुकवून, कपलर पुन्हा जोडला. आकडा उणे ४०. पोराचं तोंड उतरलं, मिस्त्रींचं नाही.

त्यांनी कपलर परत सोडवला आणि आधी सेन्सरच्याच दोन पिनांना मीटर लावलं. सकाळी जेवढे ओम होते, त्याहून दुपारी पुष्कळ कमी. म्हणजे ऊन चढलेलं सेन्सरला कळत होतं. मग त्यांनी गाडीकडून येणाऱ्या दोन टोकांना तारेचा तुकडा लावून ती एकमेकांना जोडली. आकडा लगेच पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जायला हवा होता. तो हलला नाही. तोच तुकडा त्यांनी एका टोकापासून चॅसीला टेकवला मात्र, आकडा एकदम वर उडाला!

‘‘जायची वाट ठीक आहे,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘परतीची तुटलीय.’’

पुढं पाऊण तास ते गाडीखाली उताणे होते. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते आणि हार्नेसवरची टेप सोलल्याचा आवाज येत होता. चॅसीच्या एका क्लिपपाशी वायर बाहेरून धडधाकट होती. बोटानं दाबल्यावर तिथं मऊ लागली. रस्त्याच्या हादऱ्यांनी आतलं तांबं तुटलं होतं. वीतभर नवी वायर, डाख, वर नळी. स्कॅनरवर आकडा आला ३९.

दादाला वाटलं, झालं. मिस्त्री मात्र म्हणाले, गाडी रात्रभर इथंच राहू द्या. पहाटे इंजिन सुरू करण्याआधी त्यांनी पुन्हा स्कॅनर लावला: हवा २७, इंजिनाचं पाणी २७, युरिया २८. ‘‘रात्रभर एका अंगणात निजलेल्यांचं एकमत पाहिजे,’’ एवढंच बोलून त्यांनी कोड पुसला आणि मजुरी सांगितली, ५०० रुपये. घासाघीस हा दादाचा स्वभाव. पण त्यानं निमूट नोट काढून दिली.

सकाळी साडेआठला कांदा भरून ट्रक हैदराबादच्या रस्त्याला लागला. वहिनी पोळ्या लाटत होत्या, आणि पोळपाटावर पाटल्या वाजत होत्या.