घरातले कार्यालय : आधी शरीराचे माप, मग मेजाचे

घरात बसून कारभार करणे महाराष्ट्राला नवे नाही. गावच्या कुलकर्ण्याचे दफ्तर त्याच्या घरीच असे. कागद रुमालांत बांधून ठेवलेले असत आणि लिखाण बैठकीवर, पुढ्यात ठेंगणे उतरते डेस्क घेऊन चाले. उतरत्या फळीमुळे कागद डोळ्यांकडे कललेला राही. पुढे वकिलांनी, डॉक्टरांनी, शिकवण्या घेणाऱ्या शिक्षकांनी घरातली पुढची खोली कामासाठी राखली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि अशी राखीव खोली नसलेल्या लाखो घरांत कार्यालय शिरले. जेवणाचे टेबल, पलंग, दिवाण, मिळेल ती जागा कामाची झाली. त्यातली बरीच घरे आजही तशीच चालतात. मानेची, कमरेची आणि मनगटाची दुखणी बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतात.

उंचीचे गणित

बाजारातले लिहिण्याचे किंवा जेवणाचे टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते. टंकलेखनासाठी मेज किती उंच हवे, हे मात्र कोपरावरून ठरते. माणूस पाय जमिनीवर टेकवून, खांदे सैल सोडून बसला की कोपर ज्या उंचीवर येते, त्याच उंचीवर किंवा किंचित खाली कीबोर्ड असावा. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईचे कोपर बसल्यावर जमिनीपासून साधारण ६० ते ६२ सेंटिमीटरवर येते, १७० सेंटिमीटरच्या पुरुषाचे ६५ ते ६८ वर. म्हणजे तयार टेबल दोघांनाही उंच पडते. उंच टेबलावर काम करताना खांदे नकळत वर उचलले जातात आणि दिवसभर तसेच ताठरलेले राहतात.

भारतीय शरीराची मापे पाश्चात्त्य कोष्टकांपेक्षा वेगळी आहेत, हे गृहीत धरून देशात काम झालेले आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. फर्निचरच्या आखणीत ते आजही वापरले जाते. सुताराकडून मेज करून घ्यायचे असेल, तर वापरणाऱ्याचे कोपर मोजूनच उंची सांगावी.

टेबल बदलणे शक्य नसेल, तर खुर्ची वर घ्यावी. पण खुर्ची उंचावली की पाय लोंबकळतात, मांडीच्या मागच्या बाजूवर खुर्चीची कड रुतते आणि पायांना मुंग्या येतात. यावरचा उपाय बहुतेक मराठी घरांत असतोच, तो म्हणजे जेवणाचा पाट. एक किंवा दोन पाट पायांखाली ठेवले की तळवे पूर्ण टेकतात.

खुर्ची

घरच्या कार्यालयात खर्च करायचाच असेल, तर पहिला पैसा खुर्चीवर जावा. बैठकीची उंची कमी-जास्त करता यावी, पाठीला कमरेशी आधार मिळावा आणि पाठ थोडी मागे कलती करता यावी, एवढे तीन गुण पुरे आहेत. बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची खोबण यांत दोन-तीन बोटे अंतर राहिले पाहिजे. बैठक फार खोल असेल, तर माणूस पाठ टेकवूच शकत नाही.

ताठ काटकोनात बसावे ही शिकवण शाळेपासून मिळते, पण तासन्‌तास बसण्यासाठी ती बरोबर नाही. स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब प्रत्यक्ष मोजला. आधाराविना बसल्यावर हा दाब उभे असतानाच्या दाबापेक्षा जास्त आणि पुढे वाकून बसल्यावर त्याहूनही जास्त भरला. पाठ मागे टेकवली की तो उतरतो. म्हणून पाठ आणि मांड्या यांतला कोन १०० ते ११० अंशांचा ठेवणे हितकर असते. खुर्चीला कमरेचा आधार नसेल, तर टॉवेलची घट्ट गुंडाळी कमरेच्या खोलगट भागात ठेवावी.

स्क्रीन

लॅपटॉपची मूळ अडचण अशी की त्याचा कीबोर्ड आणि स्क्रीन एकाच बिजागरीने जोडलेले असतात. हात सुखात ठेवावेत तर मान खाली जाते, मान सरळ ठेवावी तर हात वर जातात. माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे ५ किलो असते. अमेरिकेतले शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या गणितानुसार, मान ६० अंश झुकली की मानेच्या मणक्यांवर सुमारे २७ किलोंचा भार येतो. यावर वेगळा कीबोर्ड आणि वेगळा माउस हा एकच खरा उपाय आहे. ते जोडले, की लॅपटॉप जाड पुस्तकांच्या चळतीवर चढवला, तरी काम भागते.

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यावी आणि अंतर हात लांब केल्यावर बोटे टेकतील एवढे, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर असावे. प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्यांनी स्क्रीन थोडी आणखी खाली घ्यावी. अशा भिंगाचा खालचा भाग जवळचे पाहण्यासाठी असतो, आणि स्क्रीन उंच असली तर हनुवटी वर करून पाहावे लागते. स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी लवतात व डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी सहा मीटरांपलीकडे २० सेकंद पाहिले, की डोळ्यांचे स्नायू सैलावतात. खिडकीबाहेरचे झाड त्यासाठी पुरते.

प्रकाश आणि हवा

खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला असावी. ती पाठीमागे असली तर स्क्रीनवर झळाळी येते, समोर असली तर डोळे दिपतात. उत्तरेच्या खिडकीचा उजेड सर्वांत शांत असतो. तिच्यातून वर्षाचा बहुतेक काळ थेट ऊन येत नाही, फक्त ऐन उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ थोडे शिरते. पश्चिमेची खिडकी मात्र एप्रिल-मेच्या दुपारी खोली भट्टीसारखी तापवते. तिथे बाहेरून वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा सोडावा. काचेतून आत आल्यावर अडवलेल्या उन्हापेक्षा बाहेरच अडवलेले ऊन खोलीला कमी तापवते.

रात्रीच्या कामाला मेजावर ३०० ते ५०० लक्स उजेड लागतो. छतावरच्या एका दिव्याने तो क्वचितच मिळतो, म्हणून मेजावर स्वतंत्र दिवा घ्यावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने तो डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात कागद सर्द होतात, त्यांना बुरशी धरते. तिथे कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवावे.

वीज आणि इंटरनेट

वीज जाणाऱ्या गावांत इन्व्हर्टरचा हिशेब आधी करावा. लॅपटॉप ६५ वॉट, जोडस्क्रीन २५, राउटर १०, दिवा १० आणि बीएलडीसी पंखा ३० धरला, तर बेरीज १४० वॉट होते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात. गळती आणि राखीव भाग वजा जाता १२०० हाती येतात. म्हणजे साडेआठ तास काम चालते. पंखा जुना ७५ वॉटचा असेल, तर हेच साडेसहा तासांवर येते. मेजाजवळचा प्लग अर्थिंगचा असल्याची वायरमनकडून खात्री करून घ्यावी आणि एका एक्स्टेंशनला दुसरे जोडू नये.

वायफायच्या लहरींना सिमेंट-सळईच्या भिंती, आरसे आणि लोखंडी कपाटे अडवतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण जवळचा असतो. २.४ गिगाहर्ट्झचा संथ, पण भिंती ओलांडणारा. राउटर उंचावर, घराच्या मध्यभागी ठेवावा. रोज बैठका असणाऱ्यांनी थेट केबल ओढून घेणे सर्वांत खात्रीचे.

आवाज, माणसे आणि वेळ

आवाज भिंतीतून कमी आणि फटींतून जास्त येतो. दाराखालची फट रबरी पट्टीने बुजवली, की मिक्सर आणि कुकरची शिट्टी बरीच मवाळ होते. पुस्तकांचे कपाट, जाड पडदा, सतरंजी यांनी खोलीतला घुमारा कमी होतो. एका खोलीच्या घरात स्वतंत्र दालन मिळत नाही. तिथे १०० बाय ६० सेंटिमीटरचे भिंतीला दुमडणारे मेज आणि कामाचे सामान ठेवायला एक पेटी पुरते. दिवेलागणीला पेटी बंद झाली, की घर पुन्हा घर होते. या शिस्तीमुळे घरच्यांनाही कामाची वेळ कोणती आणि आपली कोणती, हे कळते.

कितीही उत्तम खुर्ची असली, तरी शरीर एका जागी खिळून राहण्यासाठी घडलेले नाही. अर्ध्या तासाने उठावे, फोन उभ्याने घ्यावा, पाणी दुसऱ्या खोलीत ठेवावे. स्वयंपाकाच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याने काम करणे मात्र टाळावे. ओटा ८० ते ८५ सेंटिमीटर उंच असतो आणि १५५ सेंटिमीटरच्या बाईचेही कोपर उभे असताना ९७ सेंटिमीटरच्या आसपास येते.

दिवाळीत नवे फर्निचर घरी आणण्याची प्रथा आहे. यंदा दुकानात जाण्याआधी एक काम करावे. खुर्चीत नीट बसावे, खांदे सैल सोडावेत आणि घरातल्या कुणाला तरी जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर टेपने मोजायला सांगावे. तो आकडा कागदावर लिहून खिशात ठेवावा, आणि मगच मेज निवडावे.