खांद्यावरची बोटं

चेंबूर कॅम्पातल्या त्या स्टुडिओत मी १९८२ साली झाडू मारायला लागलो. मालकांना सगळे दादा म्हणायचे. सिंधी माणूस, पण मराठी आमच्यापेक्षा ठणकावून बोलायचे. लाल दिव्याखाली हायपोतला प्रिंट चिमट्याने कसा उचलायचा, ते त्यांनीच शिकवलं. पगाराला उशीर झाला की दालपकवान खाऊ घालायचे. उशीर बऱ्याचदा व्हायचा.

काउंटरच्या काचेखाली पेपरचं पिवळं पडलेलं कात्रण होतं, १९४८ चं. त्या जानेवारीत कराचीत दंगल झाली, बोटी भरभरून माणसं मुंबईच्या गोदीत उतरली आणि लष्कराच्या बराकींचा चेंबूर कॅम्प झाला. कात्रणात पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेला सहा वर्षांचा पोरगा. फोटोओळीत नाव नाही, नुसतं निर्वासित. तो पोरगा म्हणजे दादा. त्याच्या खांद्यावर चार बोटं. बोटांचं माणूस मात्र नाही.

"ही आमची ताई," दादा म्हणाले. "हसत होती ना, म्हणून कापली. हसणारा निर्वासित छापतो का कोणी?"

सहा वर्षांच्या पोराची आठवण, थोडं तिखटमीठ लागलं असेलही. ताई पुढे उल्हासनगरात पापडाच्या धंद्यात चांगली रुळली. त्या कात्रणावर तिचा भारी राग.

मी जनता कॉलनीतला. मे १९७६ मध्ये, आणीबाणीत, आमची वस्ती उठली आणि सुमारे ७० हजार माणसं ट्रॉम्बेच्या खाडीलगत चीता कॅम्पात येऊन पडली. त्या दिवसांतला आमच्या घरातल्या कोणाचाही फोटो नाही. हे एकदा बोलून गेलो, तर दादांनी दुसऱ्या दिवशी जुना ॲग्फा क्लिक थ्री हातात ठेवला. "ऐंशी रुपये. जमेल तसे दे." मी तीस दिले. बाकीचे द्यायच्या आत दादा गेले.

पेपरात लागल्यावर एकदा कोल्हापूरला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून गांधीनगर गाठलं. दादांच्या मामाला तिथली बराक मिळाली होती. गांधीनगर म्हणजे पूर्वीचा वळिवडे कॅम्प; तिथेच १९४३ ते १९४८ पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, रशियातल्या हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेले, त्यांत मुलं पुष्कळ. एका घरात त्या मुलांच्या शाळेचा समूहफोटो पाहायला मिळाला. घरमालक कौतुकाने चेहरे दाखवत होते. माझी नजर आधी कडांवर गेली. उजव्या टोकाच्या मुलीने कोणाचा तरी हात धरला होता, आणि तो हात मनगटापाशीच संपत होता.